भाऊबीज, बल्लारशा आणि मेटॅलिका

२०११ साली भाऊबीज शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला आली होती. सणांच्या तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत, ही एक राहिली आहे. त्या दिवशी सकाळी मी सौंसरहून बसने पांढुर्ण्याला ताईकडे गेलो, पाटावर बसून ओवाळून घेतलं आणि जेवून तिच्या घरूनच बंगलोरला निघालो. रविवारी, ३० तारखेला, तिथल्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाचा कार्यक्रम होता. मेटॅलिका भारतात पहिल्यांदाच येत होती.

तेव्हा मी नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं घर सौंसरचं. थोडी शेती, त्यात संत्र्याची बाग. घरात गाणं म्हणजे सकाळी जामसावळीच्या हनुमानाची कॅसेट आणि दुपारी आईचा रेडिओ. मेटल मला हॉस्टेलमध्ये भेटलं. रूममेटच्या कॉम्प्युटरवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ नावाचा फोल्डर होता. तो रात्री असाइनमेंट उतरवताना तेच लावायचा. पहिला आठवडा मी कानावर उशी धरून झोपलो. दुसऱ्या आठवड्यात त्याला म्हटलं, ते तिसरं गाणं परत लाव.

ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थ्रॅश म्हणजे झोडपणं. आपल्याकडे सोयाबीन ज्या यंत्रातून काढतात त्याला सगळे थ्रेशर म्हणतात, तोच शब्द. आवाजही साधारण तोच. गिटारच्या तारांवर उजव्या तळहाताची कड टेकवून त्या अर्धवट दाबायच्या आणि वरून खाली, वरून खाली असा सपाटा लावायचा. तार गुणगुणत नाही, खटखटते. त्यावर दोन्ही पायांनी वाजवलेले ड्रम. हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी सुरू केलं. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर आणि अँथ्रॅक्स हे त्यातले चार मोठे. अँथ्रॅक्स तेवढे न्यूयॉर्कचे. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिख डेन्मार्कचा, अमेरिकेत टेनिस शिकायला आलेला. टेनिस राहिलं बाजूला. १९८१ साली त्याने आणि जेम्स हेटफील्डने बँड काढला. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ १९८६चा अल्बम. त्याचं शीर्षक गाणं साडेआठ मिनिटांचं आहे आणि नशा माणसाला कशी कठपुतळीसारखी नाचवते यावर आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना वाटतं ही गाणी नशा करायला शिकवतात. शब्द नीट ऐकू येत नाहीत, हा त्यांचा दोष नाही.

तर बाबांना विचारणं. तिकीट काढून झालं होतं, त्या पैशात मेसचा दीड महिना निघाला असता, त्यामुळे ते विचारणं नुसतं नावाचंच होतं.

“कुठी म्हणतं?”

“बंगलोर.”

“अन् तिथं काय हाय?”

“गाण्याचा कार्यक्रम.”

“गाण्यासाठी बंगलोरले? नागपुरात गाणे होत नाही का?”

होत नव्हते, तसले तरी. बंगलोरला होत होते. २००७ साली आयर्न मेडन तिथेच आले, २००८ मध्ये मेगाडेथ. देशभरची पोरं रेल्वेने तिथे जात. हे सगळं मी बाबांना समजावलं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी एकच विचारलं, “गर्दी किती राह्यते?”

या प्रश्नामागे त्यांची डावी भुवई होती. बाबांचं आजोळ पांढुर्ण्याचं. आपल्यातल्या बहुतेकांना गोटमार माहीत आहे, पण बाहेर वाढलेल्या मुलांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्हीकडून दगड चालतात आणि त्यातून झेंडा तोडून आणायचा असतो. एकीकडचा मुलगा, दुसरीकडची मुलगी, पळून जाताना नदीत दगडांखाली मेले, अशी गोष्ट सांगतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पोट्ट्यांनी गोटेच उचलले. बाबा एकोणीस वर्षांचे असताना मामांना न सांगता पात्रात उतरले होते. भुवईवर सात टाके पडले. तेव्हापासून आमच्या घरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी सौंसरबाहेर जात नाही. त्याच दिवशी माझी तीन वर्षं परीक्षेची फी भरायची राहिली असती तरी चाललं असतं. गर्दी या शब्दाला बाबांच्या लेखी एकच अर्थ होता.

शेवटी ते हो म्हणाले, पण तोंडाने नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बागेतून आंबियाची संत्री आणून पिशवीत भरली. ज्याच्याकडे उतरणार होतो त्या सीनियरसाठी. अजून पुरता रंग धरला नव्हता, साल हिरवटच होती.

पांढुर्ण्याहून दुपारच्या गाडीने नागपूर. नरखेड, काटोल, खिडकीबाहेर सगळीकडे संत्र्याचीच झाडं. मध्ये कुठेतरी मध्य प्रदेश संपून महाराष्ट्र लागतो, पण झाडांना ते माहीत नसतं. नागपूरला रूममेट आणि परासियाचा एक मित्र भेटले. संध्याकाळी पाटण्याहून येणारी संघमित्रा. दिवाळीची गर्दी, तिघांत दोन बर्थ.

वर्ध्याच्या पुढे रूममेटला दिल्लीच्या मित्राचा मेसेज आला. मेटॅलिकाचा पहिला कार्यक्रम त्याच संध्याकाळी गुडगावला होता. त्याच आठवड्यात देशात पहिल्यांदा फॉर्म्युला वनची शर्यत होणार होती, तिच्या निमित्ताने. मेसेजमध्ये होतं: कार्यक्रम झाला नाही, लोक स्टेजवर चढलेत. आधी वाटलं थट्टा असेल. मग दुसरा मेसेज, तिसरा. सुरक्षेच्या कारणाने कार्यक्रम पुढे ढकलला असं ऐनवेळी सांगितलं, आणि तासन्‌तास उभ्या असलेल्या लोकांनी तोडफोड केली. आमच्या हातात साधे फोन, रेंज येऊन-जाऊन. तिघेही गप्प. बँड गुडगावहूनच परत गेला तर आम्ही चाललो कुठे?

मग बाबांचा फोन.

“टीव्हीवर दाखवून राह्यले. पोट्ट्यांनी स्टेज तोडलं. तू कुठी आहेस?”

“बल्लारशा येऊन राह्यलं, बाबा.”

“उतर अन् वापस ये.”

“ते दिल्लीकडचं आहे. मी बंगलोरले चाललो.”

“गर्दी दिल्लीची काय अन् बंगलोरची काय! माझ्या कपाळाले विचार.” आणि फोन ठेवला की कटला, कळलं नाही.

बल्लारशाला गाडी बराच वेळ थांबते. मी सॅक घेऊन खाली उतरलो. हे मी आजवर त्या दोघांशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. समोरच्या फलाटावरून नागपूरकडे जाणारी गाडी होती की नव्हती तेही पाहिलं नाही, नुसता उभा राहिलो. रूममेट दारात संत्र्याची पिशवी घेऊन उभा. तो म्हणाला, “ही तरी ठेवू का?” एवढंच. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मित्र असाच असावा.

तेवढ्यात ताईचा फोन आला. बाबांनी तिला लावला होता. ती म्हणाली, “तू जा. बाबाले मी पाहून घेते. पण पुढे नको जाऊ. मागे उभा राहून ऐक. कबूल?”

“कबूल.”

ओवाळणीचे मी तिला पाचशे एक दिले होते. गाडी सुटल्यावर पाकीट उघडलं तर पाचशे परत आलेले.

शनिवारी दिवसभर गाडीत बातम्यांची वाट पाहण्यात गेला. गुडगावचा कार्यक्रम अखेर रद्दच झाला. बंगलोरचा होणार, असं संध्याकाळी स्टेशनवर उतरताना कळलं.

रविवारी रांगेत चार-पाच तास. आधी पाऊस होऊन गेला होता, पॅलेस ग्राउंड्सचा चिखल झाला होता, आपल्यासारखा काळा नव्हे, तांबडा. आमच्यापुढे पुण्याची चार मुलं होती. आमचं बोलणं ऐकून एकाने विचारलं, “नागपूरचे का?” “नाही, मध्य प्रदेश.” “मग मराठी कसं काय?” हा प्रश्न आपल्या मंडळींना नवीन नाही. आमची शाळा हिंदी, घर मराठी, आणि जिल्हा तेव्हा छिंदवाडा. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला. मी सुरुवात केली समजावायला, मग कंटाळलो आणि संत्रं पुढे केलं. खाण्याच्या वस्तू आत नेता येत नव्हत्या, म्हणून उरलेली सगळी तिथेच सोलली. मागे शिलाँगची मुलं होती, त्यांचा त्यांच्याकडच्या संत्र्यांवर फार जीव. त्यांनी आमची खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि हसले. आंबट होतीच.

आधी स्कॉटलंडचा बिफी क्लायरो हा बँड वाजवून गेला. ते चांगले होते, पण त्या दिवशी तिथे तानसेन येता तरी लोकांनी घड्याळच पाहिलं असतं. मग दिवे गेले. मेटॅलिकाच्या कार्यक्रमाआधी नेहमी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या सिनेमातलं एन्नियो मोरिकोनेचं संगीत लागतं. एक माणूस कबरस्तानात वेड्यासारखा धावतो, तो प्रसंग. मी तो हॉस्टेलच्या पंधरा इंची पडद्यावर शंभरदा पाहिला होता. त्या रात्री आजूबाजूला हजारो लोक ती शब्द नसलेली धून तोंडाने म्हणत होते. मला घसा दाटून आल्याने म्हणता येईना.

पहिले काही वेळ मी मागेच होतो, अगदी शब्दाला जागून. एक गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही: हा आवाज कानांनी नंतर ऐकू येतो, आधी बरगडीला लागतो. पॅन्टचं कापड थरथरतं. जेम्स हेटफील्ड इतक्या लांबून अंगठ्याएवढा दिसत होता, आणि तरी त्याचा उजवा हात खाली येण्याच्या आधीच सगळ्या मैदानाची मान खाली जात होती.

मग ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुरू झालं. रूममेटने माझ्याकडे पाहिलं. मी ताईला दिलेला शब्द मोडला, हे इथे लिहून टाकतो. ती हे मासिक वाचते.

पुढे गर्दीत मधूनच एक गोल रिकामा होतो. त्याला मॉश पिट म्हणतात. त्यात पोरं खांद्याने एकमेकांना धडका देत फिरतात. बाहेरून पाहिलं तर मारामारीच. आत शिरल्यावर दहाव्या सेकंदाला माझा पाय चिखलात सरकला आणि मी आडवा झालो. चष्मा गेला. मला चष्म्याशिवाय हाताची बोटं मोजता येत नाहीत. वर पाय, सगळीकडे पाय. त्या क्षणी मला गाणं ऐकू आलं नाही, बाबांची भुवई दिसली. अगदी खरं सांगतो.

दोन काखांत दोन हात आले आणि मी उभा होतो. कोण ते दिसलं नाही. मी डोळ्यांकडे बोट दाखवून “चष्मा, चष्मा” ओरडलो, कोणत्या भाषेत देव जाणे. चार-पाच जण पाठ बाहेर करून, हात पसरून माझ्याभोवती उभे राहिले. धडका त्यांच्या पाठींवर बसत होत्या. एक दाढीवाला खाली वाकून फोनच्या उजेडात चिखल चाचपत होता. चष्मा मिळाला, एक काडी वाकडी. त्याने तो स्वतःच्या बनियनला पुसला, माझ्या नाकावर बसवला, पाठीवर थाप मारली आणि मला परत आत ढकललं! थोड्या वेळाने कोणीतरी एक बूट डोक्यावर उंच धरून उभा दिसला. ज्याचा असेल तो लंगडत येऊन घेऊन गेला. हा तिथला रिवाजच आहे, हे मला नंतर कळलं. पडलेल्याला आधी उचलायचं, गाणं नंतर.

पुढची गाणी मी वाकड्या चष्म्यातून पाहिली. शेवटी मैदानावरचे दिवे लावून त्यांनी ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ वाजवलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे एकसारखे तांबडे दिसत होते, चिखलाने.

मंगळवारी इतवारीहून छोट्या गाडीने सौंसरला पोचलो. ती छोटी लाइन पुढे ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तेव्हा ती इतकी सावकाश चालायची की काय सांगायचं ते ठरवायला पुरेसा वेळ मिळाला. काहीच ठरलं नाही. आई अंगणात माझे बूट उलटेपालटे करून पाहत होती. “एवढी लाल माती कुठची रे?” बाबा खाटेवर. त्यांनी चष्मा पाहिला.

“पडला?”

“हो.”

“मंग?”

“उचललं लोकांनी.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मले सावरगाववाल्यानं उचललं होतं. त्यानंच मारला होता का, ते नाही माहीत.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आईनेही, तिच्या चेहऱ्यावरून. पुढे काही विचारावं तर त्यांनी विषय बदलला, “संत्री कशी लागली लोकायले?”

“आंबट.”

“मी म्हटलंच होतं, पंधरा दिवस पाह्यजे होते.”

रात्री जेवणानंतर त्यांनी आपणहून माझा फोन मागितला. इअरफोनची एक बाजू त्यांच्या कानात, एक माझ्या. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावलं. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं, मग इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

“गाणाऱ्याचं काही समजलं नाही. पण डफडेवाला चांगला हाय.”

लार्स उलरिखच्या ड्रमिंगवर जगभरचे मेटॅलिकाचे चाहते चाळीस वर्षं विनोद करत आले आहेत. मी बाबांना ते सांगितलं नाही.