पडद्याखालच्या दोन ओळी

‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.’ रक्तदाबाबद्दलच्या एका मराठी व्हिडिओतलं हे साधं वाक्य. यंत्राने आपोआप काढलेल्या कॅप्शनमध्ये ते ‘गोळ्या बंद करून का’ असं उतरलं होतं. अक्षर एकही चुकलेलं नाही, मधली मोकळी जागा तेवढी एक घर पुढे सरकली. ज्याला ऐकू येतं त्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्याचा कान केव्हाच पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. लक्षात आलंच, तर तो स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. ज्याला ऐकू येत नाही तो मात्र ‘गोळ्या बंद करून’पाशी अडतो आणि मग पुढे काय करायचं, ते शोधायला लागतो.

कॅप्शन लिहिणं हा माझा व्यवसाय. मालिका, चित्रपट, महाविद्यालयातली व्याख्यानं, शेतीचे आणि आरोग्याचे व्हिडिओ, सगळं हाताखालून जातं. लोक या कामाला सरसकट सबटायटल म्हणतात आणि मीही लग्नाकार्यात कुणाला समजावत बसत नाही. पण फरक मोठा आहे. कोरियन मालिका बघणाऱ्याला भाषा येत नाही, आवाज मात्र ऐकू येतो. कोण रडतंय, कुणाचा फोन वाजला, दार आपटलं की हळूच लोटलं, हे त्याला कळत असतं. कॅप्शन ज्याच्यासाठी असते त्याला भाषा येते, आवाज येत नाही. त्यामुळे बोलणारा चौकटीबाहेर असला तर त्याचं नाव द्यावं लागतं, शिट्टी वाजली तर ती लिहावी लागते.

‘आमची कॅप्शन नव्वद टक्के अचूक आहे,’ असं काही मंडळी अभिमानाने सांगतात. दहावीला नव्वद टक्के पडले तर आपण पेढे वाटतो, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब करून बघा. निवेदक मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, म्हणजे दहा मिनिटांत दीडेक हजार. त्यातले दीडशे चुकीचे, जवळजवळ दर वाक्याला एक. व्यावसायिक कामात मागतात तो ९९ टक्क्यांचा निकष लावला, तरी पंधरा चुका उरतात. आणि त्या पंधरा कुठे पडल्या यावर सगळं ठरतं. ‘आणि’ गळलं, ‘मग’चं ‘मंग’ झालं, तर कुणाचं काही अडत नाही. ‘सात’चं ‘साठ’ झालं की फवारणीच्या औषधाचं प्रमाण बदलतं. टक्केवारीच्या तक्त्यात मात्र या दोन्ही चुका एकाच मापाच्या.

थेट प्रक्षेपणाच्या सबटायटलवर काम करणारे संशोधक पाब्लो रोमेरो-फ्रेस्को यांनी म्हणूनच चुकांना वजन देणारी पद्धत रुजवली. किरकोळ चूक पाव धरायची, अर्थ हरवला तर अर्धी, आणि वाचणाऱ्याला वेगळीच, खोटी माहिती मिळाली तर पूर्ण एक. यात ९८ टक्क्यांच्या खालचं काम नापास. पूर्ण एक धरण्याच्या चुकीची ओळख अशी, की ती दिसतच नाही. हास्यास्पद चूक वाचणाऱ्याला कळते. इथे काहीतरी घसरलंय हे त्याच्या ध्यानात येतं. जी चूक वाक्यात चपखल बसते, व्याकरणाला धक्का लावत नाही, ती पकडायला कान हवा, आणि नेमका तोच नसल्यामुळे हा माणूस कॅप्शनपाशी आलेला असतो. चुकीच्या कॅप्शनपेक्षा कॅप्शन नसलेली परवडली, असं मी म्हणते तेव्हा धंद्यातली माणसंही नाराज होतात. पण माझं मत बदललेलं नाही. नसलेली कॅप्शन निदान फसवत नाही.

यंत्रं सुधारतायत, मग काळजी कशाला, असं विचारतात. २०२२ साली ओपनएआयने व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल खुलं केलं. मी असली साधनं वापरते, पहिला खर्डा झटपट हाती येतो. पण जुनं यंत्र चुकलं की ‘करून का’ असं विचित्र काहीतरी लिहायचं. नवं यंत्र चुकतानाही सफाईदार लिहितं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्परची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखनात मुळात कुणी बोललंच नव्हतं अशी वाक्यं किंवा वाक्यांचे तुकडे निघाले. त्यातल्या ३८ टक्के मजकुरात हिंसेचे उल्लेख, खोटी नाती, खोटे हवाले असलं घातक काही होतं. वाचाघातामुळे अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या फितींत हे प्रमाण जास्त. शांतता या यंत्रांना सोसत नाही. माणूस क्षणभर गप्प झाला, की इंटरनेटवरच्या व्हिडिओंवर पोसलेलं मॉडेल तिथे ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ घालून मोकळं होतं. शोकसभेच्या चित्रीकरणात हे कसं दिसेल, याची कल्पना करा.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. चौकशीच्या प्रसंगात आरोपी म्हणतो, ‘त्या रात्री मी वाड्यावर गेलो आणि काकांना भेटलो, हे खरं नाही.’ एका कॅप्शनमध्ये दोन ओळी, ओळीला साधारण ४२ अक्षरं, आणि ती पडद्यावर फार तर सात सेकंद, अशा मर्यादेत आम्ही काम करतो. यंत्र जागा संपेल तिथे तोडतं. मग पहिल्या कॅप्शनमध्ये येतं ‘...काकांना भेटलो, हे खरं’ आणि दोन सेकंदांनी दुसऱ्या कॅप्शनमध्ये एकटं ‘नाही’. तेवढा वेळ प्रेक्षकाने कबुलीजबाब वाचलेला असतो. शब्द सगळे बरोबर, तरी कॅप्शन चूक. अशा वाक्यात मी आधीच्या स्वल्पविरामावर तोडते आणि ‘हे खरं नाही’ एकसंध ठेवते. विनोदी नाटकात उलट काळजी. नट ज्या जागेला थांबतो त्याआधीच कॅप्शनने शेवट सांगून टाकला, तर बहिरा प्रेक्षक सभागृहाच्या आधी हसतो आणि मग बाकीचे का हसतायत ते बघत बसतो. आणि ही ४२ अक्षरंही देवनागरीत फसवी. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, मोजणारं सॉफ्टवेअर त्याचे पाय मोडून सहा मोजतं. रोमनसाठी केलेला नियम आमच्या गळ्यात मारलाय, त्याबद्दल एका वेगळ्या लेखाइतका राग माझ्याकडे शिल्लक आहे.

‘पण ते ओठ वाचतात ना?’ हा प्रश्न ठरलेला. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा. ओठांची हालचाल एकच. क, ख, ग तर घशातच राहतात. ओठ वाचणारा माणूस निम्मं बघतो आणि निम्मं संदर्भावरून जुळवतो. शिवाय ऑनलाइन व्हिडिओत चेहरा असतोच असं नाही. कॅमेरा परातीतल्या पिठावर असतो.

परातीवरून आठवलं. पाककृतीचा एक व्हिडिओ माझ्याकडे आला होता. बाई बोलता बोलता म्हणतात, ‘आता शिट्ट्या होऊ दे,’ आणि कांदा चिरायला घेतात. किती शिट्ट्या, ते सांगत नाहीत. मागे कुकर वाजत राहतो, ऐकणारी गृहिणी आपोआप मोजते. मी कॅप्शनमध्ये चौकटी कंसात पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी, अशा चारही लिहिल्या. फाइल तपासणाऱ्याने शेरा मारला, ‘अनावश्यक आवाज, काढा.’ काढल्या असत्या तर डाळ कच्ची राहिली असती! शेवटी शिट्ट्या राहिल्या.

आवाजाच्या नोंदींत सर्वांत आळशी नोंद म्हणजे नुसतं ‘संगीत’. लग्नाच्या मांडवात सनई चालू असते आणि मध्येच बंद पडते; कुणीतरी बातमी घेऊन आलेलं असतं. तिथे ‘संगीत’ लिहिलं तर काय कळणार? ‘सनई थांबते’ हे लिहिलंच पाहिजे, कारण कथाच तिथे वळते. याउलट पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न लिहीत बसलं, तर वाचणाऱ्याला चेहरे बघायला उसंत मिळत नाही. काय गाळायचं हे ठरवण्यातच निम्मी अक्कल खर्च होते.

दुसरा मोह भाषा धुऊन काढण्याचा. पात्र वऱ्हाडीत ‘काहून’ म्हणतं, कॅप्शनमध्ये ‘का’ येतं. मालवणी ‘खंय’चं ‘कुठे’ होतं. शिव्या तर पहिल्यांदा जातात. बहिऱ्या प्रेक्षकाला सोपं पडावं म्हणून, असं कारण सांगतात. मला हा उपकार वाटत नाही. पडद्यावरचा माणूस कुठला आहे, किती चिडलाय, कुणाशी अदबीने वागतोय आणि कुणाशी नाही, हे बाकीच्या घराला कळतं ते त्यालाही कळायला हवं. बोललं तेच लिहावं. बोलण्याचा वेग फारच असेल तर नाइलाजाने काटछाट करावी, पण ती वेगाच्या कारणाने, सभ्यतेच्या नव्हे.

एक काळ असा होता की या प्रेक्षकाचं कशावाचून अडत नव्हतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा संवाद पाट्यांवर यायचे आणि थिएटरातले सगळे सारखेच वाचायचे. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि पाट्या गेल्या. अमेरिकेत इमर्सन रोमेरो हा मूकपटांत काम करणारा बहिरा नट बोलपटांमुळे बेकार झाला. त्याने १९४७ मध्ये चित्रपटांच्या प्रती मिळवून त्यांच्या फिती कापल्या, मध्ये मजकुराच्या चौकटी जोडल्या आणि त्या बहिऱ्यांच्या संस्थांना दाखवायला दिल्या. दूरचित्रवाणीवर हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी कॅप्शन तिथे १९८०च्या मार्चमध्ये आली. पण पुढे व्हिडिओ इंटरनेटवर गेले आणि पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागलं. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सला कोर्टात खेचलं. २०१२च्या तडजोडीत कंपनीने दोन वर्षांत सगळ्या कार्यक्रमांना कॅप्शन देण्याचं कबूल केलं. त्याच संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर दावे लावले. तक्रार नुसती कॅप्शन नसल्याची नव्हती, असलेली कॅप्शन वाचण्याच्या लायकीची नसल्याचीही होती.

बर्कलीची कथा कडवट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या शाखेने हजारो व्याख्यानं फुकट खुली केली होती. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातल्या दोघांनी तक्रार केली, आणि २०१६ मध्ये न्याय खात्याने कळवलं की ही व्याख्यानं कायद्यात बसत नाहीत. यंत्राने काढलेली कॅप्शन चुकीची आणि अपुरी आहे. विद्यापीठाने काय करावं? २०१७ मध्ये वीस हजारांहून जास्त फिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. आणि चिडले सगळे ते तक्रार करणाऱ्यांवर! त्यांच्यामुळे आमचं फुकटचं गेलं म्हणून. २०२२ मध्ये विद्यापीठाने न्याय खात्याशी समझोता केला आणि आपला ऑनलाइन मजकूर अपंगांना वापरता येईल असा करण्याची जबाबदारी घेतली. ती पाच वर्षं कुणाचीच नव्हती.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शनचा उल्लेख स्पष्ट आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ ओटीटीवर आणण्यापूर्वी त्याला हिंदीत सबटायटल, क्लोज्ड कॅप्शन आणि ध्वनिवर्णन तयार करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, किमान काही सक्तीचे हवेत, असं बजावलं. ही प्रगती मी मानते. पण कॅप्शन ‘आहे’ एवढ्यावर फॉर्ममधला रकाना भरतो. ती वाचून अर्थ लागतो का, हे कुणी विचारत नाही. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांच्या वर लोक नोंदले गेले. कानाचं यंत्र खिशात ठेवून ‘मला सगळं ऐकू येतं’ म्हणणारे आजोबा त्यात असतील असं वाटत नाही.

कॅप्शन दिली की सगळं झालं, असंही नाही. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या कितीतरी जणांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. मराठी ते शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलेले असतात. त्यांच्यासाठी दुभाषी हवा, आणि तोही नखाएवढ्या चौकटीत नको. रीलवर एकेक पिवळा शब्द उड्या मारत येतो तो प्रकार तर कुणाच्याच उपयोगाचा नाही. वाक्य हातात येण्याआधी शब्द पळून गेलेला असतो.

२०२० पर्यंत यूट्यूबवर प्रेक्षकांना दुसऱ्याच्या व्हिडिओला कॅप्शन लिहून देता यायची. त्या सप्टेंबरात ही सोय बंद झाली, तेव्हापासून काम चॅनल चालवणाऱ्याच्याच अंगावर आहे. यंत्राचा खर्डा खुशाल घ्यावा. आधी माणसांची, गावांची, औषधांची नावं तपासावीत, मग प्रत्येक आकडा, मग प्रत्येक नकार. ओळी कुठे तुटतात ते बघावं. शेवटी आवाज बंद करून व्हिडिओ एकदा पूर्ण बघावा, आणि जमलं तर ऐकू न येणाऱ्या कुणाकडून बघून घ्यावा, अर्थातच त्या कामाचे पैसे देऊन. खर्डा बरा असेल तर दहा मिनिटांच्या व्हिडिओला तास-दीड तास लागतो. बोलणाऱ्याने माइक तोंडाजवळ धरला असेल, तर कमीच.