दोर कुठे बांधावा?

वसई-विरारच्या रस्त्यांवर आता बैल अभावानेच दिसतो. केळीच्या आणि पानवेलीच्या किती तरी वाड्या होत्या तिथे इमारती उभ्या राहिल्या. पण बैलाची धडक झेलायला सज्ज असलेल्या मोटारी मात्र आमच्या गल्लीत ओळीने उभ्या असतात. त्यांच्या तोंडाशी जाड नळ्यांचे लोखंडी कुंपण असते. त्याला ‘बुल बार’ म्हणतात. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण आमच्या पूर्वजांनी केली, तेव्हा झोपा मोटारीला बसवतील हे काही त्यांच्या ध्यानात आले नसावे.

ऑस्ट्रेलियासारख्या देशात या कुंपणाला अर्थ आहे. रात्रीच्या अंधारात कांगारू रस्त्यावर उडी घेतो, मैलोन्‌मैल वस्ती नसते, आणि मोटारीचा रेडिएटर फुटला तर माणूस तिथेच अडकतो. आमच्याकडे मात्र हे कुंपण मुख्यतः रुबाबासाठी असते. शेजारच्या गृहस्थांनी नवी जीप घेतली आणि आठवड्याच्या आत ते बसवून आणले. “सुरक्षिततेसाठी हो,” ते म्हणाले. वहिनींनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “बँकेच्या खिडकीचे गज काढून आणलेत की काय?”

वहिनी थट्टेने बोलल्या, पण प्रश्न गंभीर होता. मोटारीचे नाक मुद्दाम मऊ केलेले असते, हे पुष्कळांना पटत नाही. मर्सिडीझ-बेंझमधल्या बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने १९५१ साली या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि १९५९ साली ती त्या कंपनीच्या मोटारीत उतरली. माणसे बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा, पुढचा-मागचा भाग मात्र ठरावीक रीतीने चुरगळू द्यायचा. टक्करीचा जोर पत्र्याने खायचा, बरगड्यांनी नव्हे. अशा गाडीपुढे कुठल्या तरी गॅरेजात वाकवलेली नळी बसवली, की पत्र्याच्या वाट्याचा धक्का थेट चासीला आणि तिथून माणसांना पोचू शकतो. एअरबॅग कोणत्या क्षणी फुगायची हे सांगणाऱ्या यंत्राचाही हिशेब त्यामुळे चुकू शकतो. शिवाय रस्त्यावरचा पादचारी! त्याच्या वाट्याला वाकणाऱ्या पत्र्याऐवजी लोखंडी नळी येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा कुंपणांवर कारवाई करायला सांगितले, ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या आधारे. शेजाऱ्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “सगळेच लावतात.” या उत्तरापुढे कुठल्याही मंत्रालयाचे काही चालत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली आणि मागे बसलेले दोघे गेले. गाडी चांगली होती. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्या आठवड्यात गल्लीतले सगळे मागे बसूनही पट्टा बांधत होते. पुढच्या महिन्यात नव्हते.

पण कुंपणाची खरी परीक्षा झाली ती कळंबच्या किनाऱ्यावर. पाऊस नुकताच संपला होता. शेजारी आपली जीप वाळूत घेऊन गेले (किनाऱ्यावर मोटार नेऊच नये, पण सांगतो कोण?) आणि ओल्या पट्ट्यात चारही चाके रुतून बसली. संध्याकाळचे पाच वाजले होते. अमावास्या जवळ आलेली, भरती सुरू झालेली. माझा भाचा त्यांच्याबरोबर गेला होता, म्हणून फोन येताच मीही धावलो.

दुसऱ्या एका जीपमधले तीन तरुण मदतीला आले होते. मुले मोठी उमदी. त्यांच्याजवळ ताणला जाणारा जाड पट्टा होता. त्यांनी तो कुठे अडकवला? त्या लोखंडी कुंपणाला! तेच हाताशी होते आणि दिसायलाही तेच सर्वांत दणकट होते. माझा भाचा दोन गाड्यांच्या मध्ये, पट्ट्यापासून हातभर अंतरावर, मोबाईलवर चित्र घ्यायला उभा राहिला.

होडीशेजारी जाळे विणत बसलेले एक वृद्ध कोळी उठून आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. भाच्याचा दंड धरला आणि त्याला सुरूच्या झाडांपर्यंत चालवत नेले. “ताणलेल्या दोराजवळ उभं राहायचं नाही,” एवढेच म्हणाले. मग हाताने आम्हा सर्वांनाच मागे सारले.

पुढच्या जीपने वेग घेतला. एक कर्कश आवाज झाला आणि ते कुंपण अख्खे उपटून, पट्ट्याच्या टोकाला लोंबत, हवेतून गेले. पुढच्या जीपची मागची काच फुटली. आतल्या पोराच्या डोक्यापासून ते वीतभर अंतरावरून गेले. भाचा उभा होता ती जागा त्या मार्गातच होती.

नंतर पाहिले तर कुंपण चार बोल्टांवर होते, आणि ते बोल्ट बंपरमागच्या पातळ पट्टीत. चासीपर्यंत ते पोचलेच नव्हते. यात आश्चर्य वाटायला नको. दोन टनांची गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने निघाली आणि साखळीने तिला दहा सेंटिमीटरांत थांबवले, तर साखळीच्या टोकावर सरासरी सतरा टनांहून जास्त जोर येतो. ताणणारा पट्टा तोच वेग दोन मीटरांत थांबवतो, म्हणून सरासरी जोर टनाच्या आत राहतो. पण त्याचा कमाल जोर त्याच्या दुप्पट होऊ शकतो. वाळू गाडीला धरून ठेवते ती वेगळीच. शिवाय ताणलेल्या पट्ट्यात साठलेली सगळी ऊर्जा तुटलेल्या लोखंडाला मिळते. ट्रेलर ओढायचा लोखंडी गोळा असाच सुटून माणसे दगावल्याचे दाखले ऑस्ट्रेलियात आहेत.

बैलगाडी चिखलात रुतली की दोर कधी साटीच्या फळीला बांधत नसत, आसेला बांधत. मोटारीची आस म्हणजे इथे चासी. ओढण्यासाठीचा खरा आकडा चासीला जाड बोल्टांनी जोडलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते, आणि ते पुस्तक कोणी उघडत नाही. काही छोट्या मोटारींत आकडा हत्यारांच्या पिशवीत असतो. बंपरवरची झाकणी काढून तो पिळून बसवायचा, पण तो हळूहळू ओढण्यापुरता, झटक्यासाठी नव्हे. गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी खाली ज्या कड्या असतात, त्याही झटक्यासाठी नसतात. दोन आकड्यांना मिळून दोर घातला तर जोर वाटला जातो हे खरे. पण दोराच्या दोन पायांतला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक पायावर पूर्ण जोर येतो. म्हणजे वाटणी नुसती नावाची!

कोळीबाबांनी बाकीचे काम करवून घेतले. आधी चाकांपुढची वाळू फावड्याने काढवली. मुलांपैकी एकाने चाकांतली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून वाळूवर बसतो. खाली वाकून, हाताने ओली वाळू उकरून, चासीचा आकडा शोधला. तो तिथेच होता, पहिल्यापासून. दोरावर मध्यभागी एक जड भिजलेली गोधडी टाकली, म्हणजे दोर तुटलाच तर उसळी कमी होते. पाणी मागच्या चाकांना लागले होते. या वेळी झटका न देता गाडी हळू ओढली आणि ती निघाली.

पुढच्या आठवड्यात शेजारी गॅरेजात गेले. मीही बरोबर गेलो. गॅरेजवाल्याने नवे कुंपण दाखवले, आधीच्यापेक्षा जाड, चकचकीत. शेजाऱ्यांनी ते पाहिलेही नाही. ते जमिनीवर बसले, मान तिरपी करून गाडीखाली पाहिले आणि विचारले, “हा आकडा कशाला जोडलाय? बोल्ट किती?”