कोंडाण्याहून वहिनीस

कोंडाणे, ता. कर्जत

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र मिळालं. दादाच्या दफनाला जमलेल्या मंडळींनी “विश्वासणाऱ्यानं रडायचं नसतं” असं बजावलं, म्हणून तुम्ही मोरीचा नळ सोडून रडता, हे वाचून मला संतापच आला. अहो, लाजर मेला तेव्हा प्रभू स्वतः रडला. घटकाभरात आपण त्याला कबरेतून बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही रडला. पौलानंही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करू नका असं सांगितलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच सांगितलं. आपली माणसं त्यातलं अर्धंच लक्षात ठेवतात.

पुनरुत्थान खरंच होईल का, असं तुम्ही विचारलंत. पुरावा मी कुठून आणू? पौलाकडे निदान साक्षीदार होते. करिंथकरांना लिहिताना तो पाचशेंहून अधिक माणसांचा हवाला देतो आणि त्यातली बरीचशी अजून हयात आहेत म्हणतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, हेही त्याच पत्रात रोखठोक लिहितो. मला तो त्यासाठीच आवडतो. शरीर कसं उठेल यावर त्यानं दाण्याचा दाखला दिलाय. पेरतो एक, उगवतं वेगळंच. इथं जूनमध्ये राबात भात पेरणाऱ्या बायांना तो समजावून सांगावा लागत नाही.

गावाजवळच्या रानात, राजमाचीच्या पायथ्याशी बौद्ध लेणी आहेत, ख्रिस्तजन्माच्याही आधीची. ती कोरवून घेणाऱ्यांची आशा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची. आपली आशा माणूस परत मिळण्याची, नावानं हाक मारली तर ओ देईल असा. मला दादा त्याच्या चिडकेपणासकट परत हवाय. नुसती शांती मला पुरत नाही.

या आशेवर जगलेलं माणूस पाहायचं तर पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई, बहीण गेली. आईला खांदा द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून मृत्यूनं त्यांना सूट दिली नाही. २४ जुलै १९२१ ला एकुलती मनोरमा गेली, चाळिशीत. रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचं काम जिच्या हाती सोपवायचं ती. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. लेकीसाठी त्या रडल्या नसतील, असं मला मुळीच वाटत नाही.

तेव्हा पोरांसमोर रडत चला. त्यांनाही तेवढीच मोकळीक मिळेल. ईस्टरला तिघंही इकडे या. नगरहून गाडीनं येताना दौंडनंतर केडगाव लागतं, ते पोरांना दाखवा. रमाबाईंचं मिशन तिथलंच, अजून चालू आहे. आणि कबरेच्या दगडावरचा मजकूर घाईनं देऊ नका. ‘चिरविश्रांती’ एवढ्यावर मी सही करणार नाही. उठण्याचा उल्लेख त्यात हवा. आपण दोघी बसून लिहू.

तुमची धाकटी नणंद