चौबीसच पे रख्या था

"सर, मैं तो चौबीसच पे रख्या था."

गेल्या महिन्यात एका रविवारी, असरनंतर, माझा जुना विद्यार्थी दारात उभं राहून हे सांगत होता. आठवीत माझ्याकडे त्याला उर्दू आणि मराठी दोन्ही होतं. आता गॅरेजमध्ये लागून तीन महिने झालेत. एका मोटारसायकलचं ऑइल बदलून खालचा बोल्ट आवळताना इंजिनातले अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले. उस्तादांनी खर्च त्याच्या पगारातून कापायचं ठरवलं. पण त्याला पैशांपेक्षा दुसरंच लागलं होतं. गिऱ्हाइकासमोर उस्ताद म्हणाले होते, "उर्दू शाळेतली पोरं ही. यांना आकडा तरी वाचता येतो का?"

ते मलाही लागलं. उस्ताद आपल्याच मोहल्ल्यातले, स्वतः त्याच शाळेत चौथीपर्यंत बसलेले. आपल्या शाळेला नावं ठेवायला बाहेरचे लोक लागत नाहीत.

मगरिबच्या आधी आम्ही दोघे गॅरेजवर गेलो. टॉर्क पाना मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. त्याच्या दांड्यावर दोन मोजपट्ट्या कोरलेल्या होत्या, एका बाजूला न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला फूट-पौंड. गाडीच्या पुस्तिकेत 24 न्यूटन-मीटर लिहिलेलं. पोरानं 24 लावले ते फूट-पौंडाच्या पट्टीवर. आकडा त्यानं बरोबरच वाचला होता. आकड्याशेजारची दोन इंग्रजी अक्षरं त्याच्या लेखी नक्षी होती, आणि ती नक्षी नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत आम्हीही "एकक लिहा, नाहीतर अर्धा मार्क जाईल" एवढंच सांगतो. (उर्दूवाले पान उजवीकडून बघतात म्हणून असं झालं, असा विनोद एका सहकाऱ्यानं नंतर केला. उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात, हे त्याला माहीत आहे.)

ऑइलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर लिहायला बसलो. टॉर्क म्हणजे पीळ, उर्दूत मरोड. त्यात जोर आणि लांबी दोन्ही येतात. एक मीटर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला एक किलो वजन टांगलं, तर बोल्टवर येतो तो एक किलो-मीटर पीळ. न्यूटनमध्ये तोच 9.81. गॅरेजसाठी दहा धरले तरी चालतं, चूक दोन टक्क्यांचीच. म्हणून जुन्या पुस्तिकेतले 2.4 किलो-मीटर म्हणजेच नव्या पुस्तिकेतले 24 न्यूटन-मीटर.

इथे उस्ताद पहिल्यांदा खोक्याकडे वळले. "दोन पॉइंट चार आम्हाला पाठ आहे," म्हणाले.

फूट-पौंड मात्र इतका सरळ नाही. फूट मीटरपेक्षा लहान, पौंड किलोच्या निम्म्याहून कमी, पण न्यूटन त्याहून लहान. एका पौंडाच्या जोरात जवळजवळ साडेचार न्यूटन बसतात. सगळं गुणून एक फूट-पौंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर. तोंडी करायचं तर आकड्यात त्याचा एक तृतीयांश मिळवायचा आणि वर थोडं. 24 आणि 8 झाले 32. नेमकं उत्तर साडेबत्तीस. म्हणजे हव्या त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पीळ. त्याला फूट-पौंडाच्या पट्टीवर 18 लावायला हवे होते.

एवढ्या एका वेळेनं आटे जातीलच असं नाही. ते आधीच ताणलेले असणार. ती गाडी अनेक वर्षं याच गॅरेजला येते आणि उस्ताद टॉर्क पाना वापरत नाहीत, त्यांचं मनगटच त्यांचं माप. हे मी तिथे बोललो नाही, त्यांना ते कळलेलं दिसत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातलेच ते.

पण एक गोष्ट सांगितली. 1999 मध्ये नासाचं एक यान मंगळाशी पोचून नष्ट झालं, कारण एका संगणक-प्रणालीनं आकडे पौंडांत दिले आणि दुसरीनं ते न्यूटन समजून घेतले. "आणि ती माणसं उर्दू शाळेत शिकलेली नव्हती," मी म्हणालो.

उस्ताद हसले नाहीत. चहा मात्र मागवला. नवे आटे पाडायच्या खर्चातला निम्मा त्यांनी सोडला, निम्मा कापलाच. माझ्या मते पूर्ण सोडायला हवा होता. नवा पाना पोराच्या हातात देताना त्यावरच्या दोन पट्ट्या समजावणं उस्तादांचं काम होतं.

पुठ्ठा आता गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला आहे. गुरुवारी रात्री फोन आला.

"सर, प्लगका आया है. एक सौ बीस, किलो-सेंटीमीटर लिख्या है."

"मग?"

थोडा वेळ मागे कॉम्प्रेसरचा आवाज येत राहिला.

"सेंटीमीटर है, तो सौसे भाग. एक पॉइंट दो. दससे गुणा. बारा. बाराच ना, सर?"