बाहेरून आलेलं

पोळ्याला गावी गेलो तेव्हा मायच्या पापण्या सुजल्या होत्या. मानेवर लाल चट्टे. "उन्हाचं हाय," ती म्हणाली. बीडच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, गाजरगवताची ॲलर्जी आहे, त्यापासून लांब राहा.

पावसाळ्यात गेवराई तालुक्यात गाजरगवतापासून लांब म्हणजे कुठं? बांधावर तेच, शाळेच्या भिंतीला तेच. मायनं चाळीस वर्षं ते नुसत्या हातानं उपटलंय.

रात्री मोबाईलवर वाचत बसलो. पुण्यात १९५५ साली हे गवत दिसल्याची नोंद आहे. पी.एल. ४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं, असं आपण ऐकत आलो. पण त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला १९५६ मध्ये. गवत आधीच आलेलं. अर्थात, १९५१ च्या कर्जातूनही अमेरिकन गहू आपल्या बंदरांत उतरला होताच.

वाचत वाचत ब्राझीलला पोचलो. तिथं तेलाच्या प्लॅटफॉर्मना चिकटून नारंगी प्रवाळ आलं आणि स्थानिक प्रवाळांच्या जागेवर पसरलं. बंदरात तेलाचा हिशेब होतो, गव्हाचा होतो. सोबत आलेल्याचा कुणी ठेवत नाही.

गाजरगवत खाणारा भुंगा मात्र मुद्दाम आणला गेला, मेक्सिकोहून बंगळूरला. पुढे तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा शेतकरी घाबरले, सरकारला समिती नेमावी लागली. तरी तो टिकला. मामांनी परभणीहून बरणीभर भुंगे आणले.

माय बरणीकडं बघत राहिली. "ह्येबी बाहेरूनच आलं का?"

"हो."

"उद्या ह्यानं जवारी खाल्ली तर?"

"तपासून आणलाय, माय."

"गव्हाचंबी कुणीतरी तपासलंच आसंल की."

मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तिनंच झाकण उघडलं आणि बरणी बांधावर आडवी केली.

मी पुण्याला परतलो. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं बांध दाखवला. काही झाडांच्या पानांची चाळण झाली होती. बाकीची तिनं फुलायच्या आत उपटून ढीग लावला होता. अंगात अण्णांचा फुल बाह्यांचा शर्ट, हातात मी आणलेले मोजे.

"खुरपं नीट बसत न्हाई ह्यात," ती म्हणाली. पापण्या अजून थोड्या सुजलेल्याच होत्या.

पाऊस सरला की भुंगे जमिनीत जाऊन झोपतात. पुढच्या पावसात वर येतील. गवतही येईल. तोवर मायला दुसरे, जरा पातळ मोजे पाठवायचेत.