समुद्रातली केबल आणि आपल्या चौकातला डबा

नेट अडकलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं, "समुद्रातली केबल तुटलीय." सप्टेंबर २०२५ मध्ये ते खरंही होतं. जेद्दाहजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या, भारत, पाकिस्तान आणि आखातात नेट मंदावलं. मायक्रोसॉफ्टनेही अझूरच्या ग्राहकांना तशी सूचना दिली. पण नंतर कितीतरी महिने प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर मिळतंय, म्हणून लिहितोय.

आमच्या शेजारचा मुलगा लंडनच्या कंपनीचं काम घरून करतो. मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायचा. साहेबाने दोनदा समज दिली होती, कंत्राट संपायला महिना उरलेला. नेटवाला म्हणे, "स्पीड बघा ना, १०० येतोय!" येत होताच. पण स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. जाऊन यायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी आणि वाटेत हरवलेली पाकिटं म्हणजे पॅकेट लॉस. सिनेमा बघताना हरवलेलं पाकीट परत मागवता येतं, बोलताना तेवढा वेळच नसतो.

मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला. पण कुठे, कधी, किती हे विचारायची सवय आहे. रविवारी त्याच्याकडे बसलो. आधी वायफाय बंद करून लॅपटॉपला थेट वायर लावली, मग पिंग केलं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई-लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, त्यामुळे ७२ च्या खाली येणं शक्यच नाही. वळणं धरून आमचे १३५ आले, ते ठीकच. पण १०० पैकी ८ पाकिटं गायब!

मग एमटीआर चालवलं. ते वाटेतल्या प्रत्येक थांब्यावरची गळती दाखवतं. मधल्याच एखाद्या थांब्यावर गळती दिसली आणि पुढे नसली तर घाबरू नका, तो राउटर फक्त उत्तर द्यायला कंटाळतो. गळती एका थांब्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत राहिली, तर खरी. आमची घरच्या राउटरनंतर लगेच सुरू होत होती, ती थेट लंडनपर्यंत. मुंबईचा सर्व्हर तपासला, तिथेही तेवढीच.

सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळांचे प्रिंट घेऊन ऑफिसात गेलो. पुन्हा समुद्र! म्हटलं, "साहेब, इथून मुंबईला जाताना कुठला समुद्र लागतो?" दोन दिवसांनी चौकातल्या डब्यातला फायबरचा जोड नव्याने केला. गळती शून्य. पोराचं कंत्राटही वाढलं.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांत फक्त स्पीड नाही, लेटन्सी आणि पॅकेट गळतीचेही निकष आहेत. तक्रार तोंडी करू नका, नंबर घ्या. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. आणि कुणाला तपासून हवं असेल तर मेसेज करा, रविवारी मी मोकळा असतो.