पंचेचाळीसच्या वेगानं

२ जुलै, पुणे

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तबकड्यांना बुरशी धरायला लागली होती, म्हणून दुपारी सगळं कपाट रिकामं केलं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं. फडकं खाचांच्या दिशेनंच गोल फिरवायचं, आडवं अजिबात नाही, आणि लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. सात इंची अमेरिकन तबकड्या लगेच वेगळ्या ओळखू येतात. मधलं भोक रुपयाच्या नाण्यापेक्षाही मोठं. प्लास्टिकची चकती बसवल्याशिवाय त्या आपल्याकडच्या प्लेअरवर बसत नाहीत.

पुसता पुसता एकेक लावून बघत गेले आणि ‘नाइन्टी-सिक्स टिअर्स’पाशी अडकले. १९६६. बँडचं नाव ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्स’. गायकानं स्वतःचं नाव म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह लावलेलं. ऑर्गन सुरू होतो आणि एकच छोटी टोचणी शेवटपर्यंत सोडत नाही. त्यावर नाकातला, अर्धा बोलता, अर्धा गाता आवाज. सोडून गेलेल्या मुलीला तो सांगतोय, दिवस फिरतील, मग तू रडशील. शब्द धमकीचे, पण सूर रडवेला. हे दोन्ही एकाच आवाजात मावतं, त्यासाठी मी हे गाणं पुन्हा पुन्हा लावते.

३ जुलै

कालच्या गाण्याचंच डोक्यात. ही पोरं मिशिगनच्या सॅगिनॉ खोऱ्यातली, टेक्सासकडून वर आलेल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या घरांतली. त्या भागात साखरेच्या बिटाची शेती मोठी, आणि मजूर हंगामाला दक्षिणेतून येत. ऊसतोडीच्या टोळीतल्या पोरांनी बँड काढावा आणि त्यांचं गाणं देशात पहिल्या नंबरला जावं, तसं हे झालं. बे सिटी नावाच्या गावात रेकॉर्डिंग, आधी पा-गो-गो हे इवलंसं लेबल. आसपासच्या रेडिओ केंद्रांनी गाणं उचललं, मग कॅमिओ या मोठ्या कंपनीनं ते घेतलं, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत ते सर्वांत वर होतं.

पुढचं मात्र वाईट. हक्क एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि मूळ ध्वनिमुद्रण सीडीवर रीतसर यायला २००५ उजाडलं. मधल्या काळात, १९९७ मध्ये, बँडनं स्वतःचीच गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. आपलंच गाणं लोकांना मिळावं म्हणून ते परत गायचं! ज्यांनी अशांना ‘एका गाण्याचे धनी’ म्हणून निकालात काढलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे. एक गाणं पूर्ण जमणं ही लहान गोष्ट नव्हे. कवीची एक कविता टिकली तरी आपण त्याला कवीच म्हणतो.

६ जुलै

भाचा आला होता. कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. थोडं ऐकून म्हणाला, ‘मावशी, सगळं एकसारखंच वाजतंय गं. आणि रेकॉर्डिंग किती कच्चं!’

त्याला ‘लुई लुई’ लावून दिलं. पोर्टलंडच्या किंग्समेननी एप्रिल १९६३ मध्ये रेकॉर्ड केलेलं. माईक वर छताकडे टांगलेला. गायक जॅक इली मान वर करून ओरडतोय. गिटारचा तुकडा संपतो आणि इली जरा लवकरच शब्द उचलतो. चूक लक्षात येते, तो गप्प होतो, ड्रमवाला ती जागा भरून काढतो आणि मग इली पुन्हा नीट सुरू करतो. तीच तबकडी बाजारात गेली आणि दुसऱ्या नंबरपर्यंत चढली. भाच्यानं ती जागा मागे नेऊन तीनदा ऐकली. काही बोलला नाही.

मग पेटी काढली. या गाण्याचा सांगाडा पेटीवर बसवायला सोपा: षड्जाचे तीन ठोके, मध्यमाचे दोन, पंचमाचे तीन, परत मध्यमाचे दोन. मोजताना आधी झपतालाची आठवण येते; पण मधल्या रिकाम्या जागा धरल्या की सरळ चाराचा ठेका. गंमत पंचमावर आहे. तिथे कॉर्डमध्ये कोमल निषाद येतो. शुद्ध लावून पाहिला तर गाणं एकदम सभ्य, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं होतं. कोमल लावला की त्यात रगेलपणा येतो. भाचा म्हणाला, ‘हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ तासभर तो तेवढंच वाजवत बसला.

‘लुई लुई’चे शब्द इतके अस्पष्ट की ते अश्लील असणार असा संशय पालकांना आला, आणि एफबीआयनं चौकशी केली. तबकडी वेगवेगळ्या वेगांनी फिरवून पाहिली. निष्कर्ष एवढाच, की कुठल्याही वेगावर शब्द समजत नाहीत. खरं म्हणजे ते एका खलाशाचं साधं विरहगीत आहे. लिहिणारा रिचर्ड बेरी हा लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय गायक. त्यानं १९५७ मध्ये ते स्वतः गायलं होतं. पुढे हक्क ७५० डॉलरला विकले. शेकडो बँडनी गायलेल्या या गाण्याचा वाटा त्याच्या हाती यायला ऐंशीचं दशक लागलं.

७ जुलै

दिवसभर लाइट नाही. काही ऐकलं नाही.

११ जुलै, रात्र

‘नगेट्स’ची पहिली तबकडी. १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीनं काढलेला हा जोडसंच. निवड लेनी के याची, जो पुढे पॅटी स्मिथचा गिटारिस्ट झाला. त्यातली २७ गाणी तेव्हा चार-आठ वर्षांचीच होती, आणि तरी विसरली गेलेली. त्या धंद्यात चार वर्षं म्हणजे एक पिढी. बीटल्स फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर दिसले आणि गावोगावची पोरं गिटारी घेऊन बापाच्या गॅरेजमध्ये शिरली. दोन-तीन वर्षांत कुणाला व्हिएतनामसाठी बोलावणं आलं, कुणी कॉलेजला गेलं, कुणाचं लग्न झालं. हाती उरली ती एखादी तबकडी.

आज ‘मोल्टी’ने मला गप्प केलं. केप कॉडच्या ‘बार्बेरियन्स’चा ड्रमर व्हिक्टर मोल्टन. लहानपणी स्फोटात त्याचा डावा हात गेला. धातूच्या आकड्यात काठी धरून तो वाजवायचा. १९६४ च्या ‘टॅमी शो’ या चित्रपटात त्याला वाजवताना बघता येतं, आणि ठेका कुठेही लंगडत नाही. ‘मोल्टी’मध्ये तो स्वतःची हकिगत सांगतो, गात नाही, बोलतो. मागे हार्मोनिका. साथीला त्याचा बँड नव्हताच. जे वादक पुढे ‘द बँड’ या नावानं गाजले ते होते. गाणं ९० व्या नंबरपर्यंत पोचून खाली आलं. काही जणांना ते भाबडं वाटतं. मला नाही वाटत. हात गमावलेल्या पोरानं आपल्या तोंडानं सांगितलेली गोष्ट आहे ती. त्यात शहाणपणाचा आव नाही, आणि दुःख सजवलेलंही नाही.

१२ जुलै

‘थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स’, ऑस्टिन, टेक्सास. ‘यू आर गॉना मिस मी’. रॉकी एरिक्सनची किंकाळी सगळ्यांना आठवते. मी आज हेडफोन लावून फक्त घागरीचा आवाज ऐकला. टॉमी हॉल हा त्यांचा वादक मातीची घागर तोंडाशी धरून तिच्यात तोंडानं आवाज काढायचा, आणि माईक घागरीच्या तोंडाशी. गिटारच्या खालून तो गुबगुब आवाज सारखा पळतोय. एकदा कानाला सापडला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

संध्याकाळी ‘द क्रिएशन’चं ‘पेंटर मॅन’. हे इंग्लंडचे, तेही १९६६ चेच. एडी फिलिप्स व्हायोलिनचा गज गिटारवर ओढतो. भाचा स्वयंपाकघरातून ओरडला, ‘हे तर बोनी एमचं!’ बरोबर आहे, आमच्या घरी ती कॅसेट होती आणि त्यानं ती लहानपणी झिजवली. मूळ गाणं हे. बोनी एमनं त्याचं नाचाचं गाणं केलं. मुळात आहे तो संताप. कलाशाळेत शिकलेला माणूस जाहिराती रंगवत बसतो, त्याचा.

१९ जुलै

आपल्याकडचं त्या काळातलं कुणी विचारलं की हात ‘गुमनाम’कडे जातो. १९६५, ‘जान पहचान हो’, रफी, शंकर-जयकिशन. पडद्यावर टेड लायन्स आणि त्याचा बँड, मुखवटे घालून. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ हा अमेरिकन चित्रपट याच गाण्यानं सुरू झाला आणि तिकडची तरुण मंडळी वेडी झाली. पण ते सिनेमाचं गाणं, म्हणून राहिलं. मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासमध्ये कॉलेजच्या मुलांनी जे बँड काढले, त्यांचं काय? सिमला सिगारेटच्या नावानं भरणाऱ्या बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन तबकड्या निघाल्या. त्या पुन्हा काढल्या जर्मनीतल्या एका लेबलनं. आपण नाही.

लेनी केनं प्रत्येक गाण्यासोबत ते कुणाचं, कुठलं, कुठल्या लेबलचं, हे लिहून ठेवलं. म्हणून मी पुण्यात बसून मोल्टनबद्दल लिहू शकते. आपल्याकडे हे काम आत्ताच केलं पाहिजे. त्या वेळी वीस-बावीसचे असलेले वादक आता पंच्याहत्तरी ओलांडून गेले.

कॅम्पात एक गोवेकर काका राहतात. साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांमधून गिटार वाजवायचे. आज फोन केला. आधी म्हणाले, ‘त्यात काय सांगायचं?’ मग अर्धा तास अँपबद्दलच बोलत होते: बाहेरचा परवडायचा नाही, म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेला, आणि त्याच्यामुळेच गिटारचा आवाज फाटायचा. रविवारी सकाळी बोलावलंय. भाचा रेकॉर्डर घेऊन येतोय. पहिला प्रश्न त्या अँपचाच विचारणार आहे.